शाळेच्या हॉलसाठी साउंड घेताय? मग हे वाचाच

तर शाळेच्या हॉलला नवीन साउंड सिस्टीम मंजूर झालीय, अभिनंदन, आणि मार्च एंडच्या आत पैसे खर्च झालेच पाहिजेत म्हणून घाई पण आहे, म्हणजे मुहूर्त एकदम उत्तम. घाईत घेतलेल्या वस्तू किती टिकतात ते बघायचं असेल तर आपल्याच कॉम्प्युटर लॅबमध्ये चक्कर मारा, कव्हरं घालून सगळ्या कशा छान ठेवल्यात.

पहिलं काम, समिती नेमा. समितीत पीटीचे सर हवेतच, कारण शाळेत सगळ्यात मोठा आवाज त्यांचा. क्लार्क हवेत, बिल त्यांनाच चढवायचंय. संस्थेतल्या कुणाचा तरी भाचा असतो ज्याच्या गाडीच्या डिकीत मोठा बूफर बसवलाय, तो झाला टेक्निकल मेंबर. फक्त एक काळजी घ्या, ज्या बाई दरवर्षी गॅदरिंगचं नाटक बसवतात आणि जो नववीतला पोरगा विंगेत बसून गाणी लावतो, त्या दोघांना मिटिंगचा पत्ता लागू देऊ नका. ते काहीतरीच विचारत बसतात, गाणं मधूनच हळूहळू बंद करता येईल का, एक गाणं संपलं की पुढचं आपोआप सुरू होणार नाही ना, वगैरे. अशाने मिटिंग लांबते आणि वडे गार होतात.

कोटेशनं तीन लागतात. तिन्ही एकाच दुकानातून घ्या, तीन लेटरहेडवर, दुकानदाराला सवय असते. तिन्हीत स्पेलिंगची चूक सेम आली तरी घाबरू नका, ऑडिटवाले आकडे बघतात, शुद्धलेखन नाही. सगळ्यात कमी रेट ज्याचा त्याचं घ्यायचं हे तर ठरलेलंच आहे, मात्र रेट नक्की कशाचा हे कुठे लिहून ठेवू नका. 'साउंड सिस्टीम, उत्तम प्रतीची, १ नग' एवढं पुरे.

आता वॉट. वॉट जेवढे जास्त तेवढं चांगलं, यात डोकं लावायचं कारण नाही. खोक्यावर १२,००० वॉट पीएमपीओ, म्हणजे क्षणभराची कमाल ताकद, असं लिहिलेलं असेल तर तेच उचला. पीएमपीओ मोजायची ठरलेली अशी काही पद्धतच नाही त्यामुळे कंपनी लिहील तो आकडा खरा, वाद संपला. समितीत एखादा सायन्सचा शिक्षक घुसला असेल तर तो म्हणेल की आपल्या हॉलमधलं सॉकेट ६ अँपियरचं, २३० व्होल्टला गुणिले ६ म्हणजे १३८० वॉट, त्याच्यावर भिंतीतूनच येत नाही तर १२,००० निघणार कुठून, आरएमएस, म्हणजे सतत खरोखर निघणारी ताकद, किती ते बघा. त्यांना दहावीचे पेपर तपासायला पाठवा.

प्रकार निवडताना सरळ ट्रॉली स्पीकर घ्या. चाकं असतात, हँडल असतं, पुढे लाल-निळे लाइट फिरतात, यूएसबी, एफएम, ब्लूटूथ, कराओके माइक सगळं एकातच. दुकानात लावून दाखवतात तेव्हा काय धडधडतं, छातीत जाणवतं, कारण दुकान असतं दहा बाय बाराचं आणि लावलेलं असतं वरातीतलं डीजे गाणं. तोच बॉक्स आपल्या पत्र्याच्या हॉलमध्ये चारशे पोरं, त्यांच्या आया आणि मागे रडणारी बारकी पिल्लं यांच्यात कसा वाजेल, पेटीवरचं एक साधं गाणं आणि एखादं बोलणं तरी नीट ऐकू येतं का, हे बघायला एक दिवस नेऊ का असं दुकानदाराला विचारू नका, वाईट दिसतं.

आणि हा बॉक्स बोलतो बरं का. चालू केला की आतली बाई इंग्रजीत सांगते, ब्लूटूथ मोड. जोडला गेला, सांगते. तुटला, सांगते. आवाज पार वरपर्यंत नेला की टुंग करते. तुम्ही गाण्याचा आवाज कितीही कमी ठेवा, बाई आपल्या आवाजातच बोलणार. आता गॅदरिंगला अफजलखानाचा वध असणारच, तो नसला तर आपल्याकडे गॅदरिंग झालं असं धरत नाहीत. शामियाना लागलाय, खान हात पसरून पुढे येतोय, महाराज दोन पावलं सरकलेत, हॉलमध्ये चिडीचूप, आता फक्त तुतारी वाजायची आहे, आणि तेवढ्यात गाणी ज्या फोनवर आहेत तो फोन घेऊन मॅडम बाहेर प्रमुख पाहुण्यांना रिसीव्ह करायला जातात आणि वाघनखं बाहेर निघायच्या आधी बाई बोलून टाकते, डिस्कनेक्टेड. खान मिठीतच अडकतो. खान सहावीतला असला तर त्याला हसू येतं, खानाला हसू आलं की महाराजांना येतं, आणि कोथळा काढायचा राहून जातो. हे सगळं जमून यायला ट्रॉली स्पीकरच लागतो, साध्या वायरने हे होत नाही.

शिवाय ब्लूटूथमध्ये आवाज पोचायला उशीर लागतो, साधारण दीड-दोनशे मिलिसेकंद, तो वेगळा फायदा. डान्सला त्याने काही होत नाही, पोरं जे ऐकू येतं त्यावर नाचतात. पण तलवारीवर तलवार आपटल्याचा आवाज द्यायचा असेल तर मजा बघा. दोनशे मिलिसेकंदात आवाज हवेतून ६८ मीटर जातो, म्हणजे प्रेक्षकाला वाटणार की लढाई पाच कबड्डीची मैदानं ओलांडून पलीकडे चाललीय आणि इथे दोन पोरं नुसता व्यायाम करतायत. कनेक्शन तुटलं की काही बॉक्स आधी जोडलेल्या फोनला शोधत जातात, तो फोन सकाळी टेस्टिंग करणाऱ्या कुणा पालकाचा असतो, आणि ते पालक नेमके पहिल्या रांगेत बसून व्हॉट्सअॅपवरचे व्हिडिओ बघत असतात. कार्यक्रमात वैविध्य येतं.

गाणी आधी डाउनलोड करून ठेवायची भानगड नको. यूट्यूबवरून तिथल्या तिथे लावा. दीपप्रज्वलन झालं, सगळे हात जोडून उभे, आणि सरस्वतीवंदनेच्या आधी पाच सेकंद बनियनची जाहिरात, स्किप दाबेपर्यंत पाहुणे हात जोडूनच उभे असतात, फोटो पण चांगले येतात.

पण काही शाळा जुन्या वळणाच्या असतात, त्यांना पेनड्राइव्हच हवा. हरकत नाही. ६४ जीबीचा घ्या, गाणी आहेत अकरा पण मोठा घ्या. हे मोठे ड्राइव्ह बहुतेक एक्सफॅट नावाच्या फॉरमॅटमध्ये येतात आणि स्वस्तातले प्लेअर फक्त फॅट-३२ हा जुना फॉरमॅट वाचतात, म्हणजे ड्राइव्ह लावला की स्क्रीनवर काहीच नाही, आणि हे कळायची वेळ म्हणजे पडदा उघडल्यावर, त्याआधी लावून बघणं हा अपशकुन. वाचलाच तर गाण्यांना १, २, ३ असे नंबर द्या, ०१, ०२ असं देऊ नका, म्हणजे १ नंतर १० वाजतं, मग ११, आणि मग २. काही प्लेअर तर नंबर बघतच नाहीत, ज्या क्रमाने कॉपी केली त्या क्रमाने वाजवतात, ते तर अजूनच चांगलं, कुणालाच काही सांगता येत नाही. आणि एक गाणं संपलं की प्लेअर थांबत नाही हे विसरू नका. राणी घोड्यावरून पडलीय, बाळ पाठीला बांधलेलं आहे, मागून करुण बासरी वाजून संपते, दीड सेकंद शांतता, आणि लगेच कोळीडान्सचा ढोलकीचा तुकडा. विंगेतल्या टोपल्या घेतलेल्या पोरी खुणेवर एंट्री घेतात, त्यांची काय चूक, त्यांना गाण्यावर यायला सांगितलंय. राणी उठून जावं की मरून राहावं या विचारात पडते.

(आमच्याकडे स्पर्धेची नाटकं करणारे लोक पूर्वी दोन कॅसेट डेक घेऊन बसायचे, एका क्यूला, म्हणजे आवाज सोडायच्या एका जागेला, एक कॅसेट, प्रत्येक कॅसेट पेन्सिलीने फिरवून बरोबर सुरुवातीला आणून ठेवलेली, खोक्यावर नंबर. मग १९९२ मध्ये सोनीची मिनीडिस्क आली, तिचे काही प्लेअर गाणं संपलं की थांबून राहायला लावता यायचे, पुढचं बटण दाबेपर्यंत गप्प. जपानबाहेर घरात कुणी फारशी वापरली नाही पण जगभर नाटकवाले तिला चिकटून राहिले, २०१३ मध्ये सोनीने प्लेअर बंद केले तेव्हा वाईट वाटलेले बहुतेक हेच लोक असतील. पण ते वेडे लोक. आपण शाळा आहोत.)

वायर हा विषय समितीपुढे आणूच नका. दोन लाखाची सिस्टीम घेतली की वायर दुकानदार फुकट देतो. तो जी देतो ती असते ईपी पिन टू पी-३८, म्हणजे एका टोकाला मोबाइलची बारीक पिन आणि दुसऱ्या टोकाला जाड स्टीरिओ पिन. ती मिक्सरच्या बॅलन्स्ड चॅनलमध्ये बिनधास्त घुसवा. आता गंमत अशी की तो चॅनल दोन बाजूंमधला फरक तेवढा पुढे पाठवतो, डावीकडून उजवं वजा, आणि गाण्यात गायकाचा आवाज दोन्हीकडे सारखाच असतो, त्यामुळे वजाबाकीत गायकच जातो. व्हायोलिनं राहतात, कुठेतरी लांब घुमणारं थोडंसं आ-आ राहतं, ढोलकी निम्मी जाते. स्टेजवर बारा पोरी ओठ हलवतायत आणि गाणं म्हणणारं कुणीच नाही. सर म्हणतात स्पीकर फुटला, भाचा म्हणतो एमपी३ खराब आहे, आणि विंगेतला पोरगा पिन अर्धी बाहेर ओढून धरतो, गायक परत येतो. मग पूर्ण तीन तास त्या पोराने बोटाने पिन अर्धी धरून बसायचं. एका ईपीतून दोन मोनो, म्हणजे एकेका बाजूच्या, पी-३८ निघणारी वायर मिळते, दोन चॅनलला दोन लावल्या की विषय संपतो, पण मग त्या पोराला काम काय उरलं.

लॅपटॉप लावला की हम्म असा आवाज येतो, तो पण येऊ द्या, ५० हर्ट्झ आहे, सगळ्या महाराष्ट्रात तोच येतो. चार्जर काढला की जातो हे कुणाला तरी कळतंच, मग चार्जर काढून ठेवतात, मग बक्षीस समारंभाच्या मध्यावर बॅटरी संपते आणि संपायच्या आधी लॅपटॉप तसं सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं कळवतो. हा हम्म घालवायला ग्राउंड लूप आयसोलेटर म्हणून एक डबी येते काही शे रुपयांत. पण त्यासाठी वेगळं बिल, वेगळा ठराव, जाऊ दे.

मिक्सर कुठे ठेवायचा हा मात्र नाजूक प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर एकच, मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये. प्रार्थनेचा अॅम्प्लिफायर तिथेच आहे, कुलूप आहे, उंदीर पण कमी. तिथून स्टेज दिसत नाही असं कुणी म्हणेल. मग साखळी करा, स्टेजजवळ एक पोरगा, दाराशी एक, जिन्यात एक. "बाई, आता लावू?" "थांब रे, अजून राजा बसला नाही!" हे जिन्यापर्यंत पोचतं तेव्हा त्यातलं फक्त 'लाव' उरलेलं असतं.

सगळे स्पीकर प्रेक्षकांकडे तोंड करून लावा. स्टेजवरच्या पोरांकडे एकही नको, पोरांनी काय पैसे दिलेत. हॉल १५ मीटर लांब असला तर आवाज मागच्या भिंतीवर आपटून त्यांच्यापर्यंत परत यायला ३० मीटर, म्हणजे नव्वदेक मिलिसेकंद, आणि ती पोरं त्यावर ठेका धरतात. पुढच्या ओळीतल्या पोरी एका तालात, मागच्या दुसऱ्या, आणि तिसरी ओळ शेजारणीकडे बघून. खाली बसलेले पालक म्हणणार प्रॅक्टिस कमी पडली. नाचाच्या बाईंचं ऐकून घ्यायला लागतं, त्यांना सवय आहे.

एक मार्ग आहे तो मी सांगतो पण तुम्ही पुढे सांगू नका. लॅबमधला एक जुना लॅपटॉप, त्याचं नेट बंद, नोटिफिकेशन बंद, आणि त्यात लिनक्स शो प्लेअरसारखं एखादं फुकटचं सॉफ्टवेअर. मॅक असेल तर क्यूलॅब, त्याचं पण साध्या स्टीरिओपुरतं फुकट चालतं. सगळे आवाज ओळीने लावून ठेवायचे, कुठला कुठे हळू बंद व्हायचा तेही आधीच सांगून ठेवायचं, आणि कार्यक्रमात स्पेसबार दाबत जायचं, एक दाबला एक वाजलं, आणि पुढचा दाबेपर्यंत मशीन गप्प. नववीतला पोरगा एका दुपारी शिकतो. पण विचार करा, फुकट वस्तूचं उद्घाटन कसं करणार, नारळ कशावर फोडणार, आणि देणगीदाराचं नाव रंगवायचं कुठे, स्पेसबारवर?

रात्री दहाचं बघा तेवढं. शाळेभोवतीचे १०० मीटर सरकारने शांतता क्षेत्र म्हणून जाहीर केलेले असले तर दिवसाची मर्यादा ५० डेसिबल, एवढा आवाज तर आपल्या स्टाफरूममध्ये डबा खाताना होतो. दहानंतर बंद हॉलमध्ये सवलत आहे, पण आपल्याला हॉलमध्ये गर्दी मावत नाही म्हणून दोन कर्णे मैदानाकडे तोंड करून लावायचेत, बरोबर ना.

गॅदरिंग झालं की सिस्टीम लगेच कपाटात बंद करा आणि वर्षभर चार्जिंगला लावू नका. आत बहुतेक लेड अॅसिडची बॅटरी असते, उतरलेली तशीच पडून राहिली की कायमची बसते, म्हणजे पुढच्या डिसेंबरात चालू होणार नाही आणि नेहमीच्या मांडववाल्यालाच साउंड सांगता येईल, तो बिचारा आपल्या गाण्यांच्या लिस्टवर स्वतःच पेनने खुणा करून घेतो आणि कुठे थांबायचं ते विचारतो. डेडस्टॉक रजिस्टरला मात्र शेरा 'चालू स्थितीत' असाच ठेवा. 'बंद' लिहिलं की निर्लेखनाचा, म्हणजे यादीतून काढून टाकायचा, प्रस्ताव करावा लागतो आणि त्याचे फॉर्म क्लार्कना सापडत नाहीयेत.