काखेतल्या गाठी काढल्या म्हणून हात निकामी करू नका

बायकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज सतत फिरतो आहे. स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये काखेतल्या गाठी (म्हणजे लसीका ग्रंथी) काढल्या असतील, तर म्हणे त्या हाताने जन्मभर जड उचलायचं नाही, व्यायाम तर मुळीच नाही. सूज आली की गरम तेलाने जोरात चोळून ‘पाणी उतरवायचं’, लघवीची गोळी घ्यायची. तरीही उतरली नाही तर कॅन्सर परतला समजायचं. माझ्या डाव्या हाताला हीच सूज आहे, लिम्फेडेमा. या मेसेजला घाबरून हात छातीशी धरून बसलेल्या बायका मी पाहते, म्हणून एकेक मुद्दा घेते.

आधी वजनाचं. हा सल्ला एकेकाळी डॉक्टरही देत. १९९६ साली कॅनडात, व्हँकूवरला, डॉ. डॉन मॅकेन्झी यांनी स्तनाचा कॅन्सर होऊन गेलेल्या २४ बायकांना ड्रॅगन बोट, म्हणजे अनेकांनी मिळून वल्हवायची लांब होडी, वल्हवायला बसवलं. एकीलाही नव्याने सूज आली नाही. पुढे अमेरिकेत संशोधक कॅथरिन श्मिट्झ यांच्या गटाने आधीच सूज असलेल्या १४१ बायकांवर रीतसर चाचणी केली. निम्म्या जणींनी आठवड्यातून दोनदा वजनं उचलली, हळूहळू वाढवत. २००९ मध्ये निष्कर्ष आले: सूज वाढली नाही, उलट त्रास उफाळण्याचं प्रमाण त्यांच्यात १४ टक्के, न उचलणाऱ्यांत २९. कारण साधं आहे. लसीका, म्हणजे शरीरातल्या बारीक वाहिन्यांतून वाहणारा पातळ द्रव, पुढे सरकायला स्नायूंच्या आवळण्याचा मोठा हातभार लागतो. हात हलवणंच सोडलं की ती तुंबते, शिवाय खांदा आखडतो आणि वेणी घालायलाही हात मागे जात नाही. मात्र पहिल्याच दिवशी भरलेली बादली उचलू नका. फिजिओथेरपिस्टला विचारून अगदी थोड्या वजनापासून सुरुवात करा, सूज असेल तर दाबाची बाही (हातावर घट्ट बसणारी खास लवचिक बाही) घालून.

गरम तेलाच्या मालिशने मात्र खरंच नुकसान होतं. लसीकेच्या बारीक वाहिन्या त्वचेच्या लगेच खाली असतात. जोरात रगडलं की त्या दबतात, आणि उष्णतेने रक्तप्रवाह वाढून आणखी द्रव झिरपतो. शिकलेली फिजिओथेरपिस्ट त्वचा जेमतेम ताणली जाईल इतक्याच दाबाने हात फिरवते. तेही सुजलेल्या हातापासून नाही; आधी मान, मग चांगल्या बाजूची काख, म्हणजे पुढची वाट मोकळी होते. त्यानंतर बोटांपासून वर पट्टी बांधते, खाली घट्ट आणि वर जाताना सैल. घरातलं साधं क्रेप बँडेज त्या कामाचं नाही.

लघवीची गोळी? हातात साचतं ते नुसतं पाणी नसतं, त्यात प्रथिनं असतात. गोळीने पाणी जातं, प्रथिनं राहतात आणि पुन्हा पाणी ओढतात. (बीपी किंवा हृदयासाठी गोळी चालू असेल तर ती आपल्या मनाने बंद करू नका.)

आता सगळ्यात घाबरवणारा मुद्दा, कॅन्सर परतल्याचा. काखेतल्या गाठी पूर्ण काढलेल्यांपैकी साधारण पाचात एकीला ही सूज येते, कधी काही महिन्यांनी, कधी वर्षांनी. वाहून जायची वाट कमी झाली, एवढंच बहुतेक वेळा तिचं कारण. अंगठी किंवा बांगडी घट्ट होणं, ब्लाउजची एकच बाही दंडाला रुतणं, ही पहिली चिन्हं. नव्याने सूज आली तर डॉक्टरांना दाखवायचीच, विशेषतः सोबत दुखत असेल, बधिरपणा असेल किंवा गाठ लागत असेल तर. ऑपरेशननंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत काखेत किंवा छातीवर फुगवटा येतो, तो सेरोमा, म्हणजे ऑपरेशनच्या जागी साचलेला द्रव, तो वेगळा. गरज पडली तर डॉक्टर सुईने तो द्रव काढतात आणि बहुधा तो काही आठवड्यांत बसतो. घरी दाबायचा नाही.

जपायचं ते त्वचेला. विळीने कापलं, तव्याचा चटका बसला, नखाजवळचं सालपट निघालं, तर लगेच धुऊन मलम लावा, कारण जंतुसंसर्गाने ही सूज खरोखर वाढते. हात लाल आणि गरम झाला, ताप आला, तर पट्टी आणि मालिश दोन्ही थांबवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. अँटिबायोटिक लागेल.