अर्धगोलाचं झाकण

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आठवडाभर 'कॅरी ऑन' पेटलंय. निमित्त भाचा. त्याचं तिसरं वर्ष पार पडलं, पण दुसऱ्या वर्षाचा एम-थ्री, म्हणजे गणिताचा तिसरा पेपर, अजून निघालेला नाही, आणि तो निघाल्याशिवाय पुण्यात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला प्रवेश नाही. राहिलेले विषय मागाहून देऊ द्या, वर्ष वाया घालवू नका, ही पोरांची मागणी दर थोड्या वर्षांनी वर येते. दाजी म्हणतात, "परदेशात असले लाड चालतात का? विचार तुझ्या मामाला." भाचा म्हणतो, "परदेशात अशी घोकंपट्टीची परीक्षाच नसते. मामालाच विचारा." मामा म्हणजे मी. बारा वर्षं जर्मनीत आहे, आणि दोन्ही बाजूंनी मला न विचारताच आपला साक्षीदार करून टाकलंय.

तर साक्ष अशी. जर्मनीत सक्तीच्या विषयाला बहुतेक ठिकाणी तीन संधी मिळतात. तिसऱ्यांदा उडालात की 'कायमचा अनुत्तीर्ण' असा शेरा बसतो आणि मग तोच अभ्यासक्रम देशातल्या दुसऱ्या कुठल्याही विद्यापीठात करता येत नाही. पुण्यात सहाव्या प्रयत्नात एम-थ्री काढून आज उत्तम नोकरी करणारे माझे दोन मित्र आहेत. इथे ते तिसऱ्या वेळीच घरी गेले असते. दाजी, खूश? पण थांबा. इथे 'वर्ष' नावाची भिंत सहसा नसते. गणित राहिलं म्हणून पुढच्या सत्राचे विषय ऐकायला, त्यांची परीक्षा द्यायला कुणी अडवत नाही. म्हणजे भाचा मागतो ते कॅरी ऑन इथे आहेच, आणि दाजींना हवा असलेला धाकही आहे. शिवाय गणितात निम्मा वर्ग उडाला तरी त्याचं कुणाला नवल वाटत नाही.

हे लिहिल्यावर ग्रुपवर दोन तास शांतता होती. माझ्या घरात ही मोठी गोष्ट आहे.

पण मला सांगायचंय ते वेगळंच, आणि त्यासाठी माझा एम-थ्री काढावा लागेल. मी मेकॅनिकलचा. शंभर मार्कांचा पेपर, चाळीसला पास, सहा युनिट. पीएल, म्हणजे परीक्षेआधीची अभ्यासाची सुट्टी, लागल्यावर अप्पा बळवंत चौकातून लोकल ऑथरचं पुस्तक आणि सोडवलेल्या पेपरांचा गठ्ठा आणला, सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत जागा धरली, आणि चार युनिट पक्की करून व्हेक्टरची दोन ऑप्शनला टाकली. हिशोब चोख होता. फक्त पहिल्याच लाप्लासच्या गणितात मी पस्तीस मिनिटं अडकलो, आणि शेवटी घाबरून, ऑप्शनला टाकलेल्या युनिटमधलं गॉसच्या प्रमेयाचं गणित करायला गेलो. सिनियरनं सांगितलेलं सूत्र आठवत होतं: गॉस दिसला की डायव्हर्जन्स काढ, घनफळानं गुण, चौकट कर. तसंच केलं. निकाल लागला, एकतीस.

त्या एकतीसचं मी काय केलं? काही नाही. रिव्हॅल, म्हणजे फेरतपासणी, भरून नऊ मार्क वाढणार नव्हते, म्हणून उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागितली नाही. पुढच्या वेळी तोच गठ्ठा आणखी दोनदा सोडवला आणि अठ्ठावन्न मिळाले. मित्रांना चहा पाजला. एम-थ्री निघाला. माझं नेमकं कुठे चुकलं होतं हे मी कुणाला विचारलं नाही आणि मलाही कुणी विचारलं नाही.

जर्मनीत मास्टर्सला आलो तेव्हा प्रवेशपत्रात एक अट होती. पदवीला गणित कमी झालंय, तेव्हा इथल्या पदवीच्या मुलांबरोबर 'ह्योहेरे माथेमाटिक' तीन पुरी करा. उच्च गणित, भाग तीन. म्हणजे एम-थ्रीनं सातासमुद्रापार येऊन मानगूट धरली होती. दर आठवड्याला गणितांचा कागद मिळायचा. तो सोडवून द्यायचा, वरच्या वर्गातला एखादा विद्यार्थी तपासायचा, आणि त्यातले निम्मे गुण मिळवले तरच परीक्षेला बसता यायचं. परीक्षेला कॅल्क्युलेटर नाही, पण स्वतःच्या हातानं दोन्ही बाजूंनी लिहिलेला एक ए-फोर कागद न्यायची मुभा. मी त्यावर इतकं बारीक लिहिलं होतं की परीक्षेत मलाच वाचता येईना. (आमच्याकडे ह्याच कागदावर पकडलं असतं तर कॉपीची केस झाली असती, हे मनातून जात नव्हतं.)

पास झालो, काठावर. पण खरी गोष्ट निकालानंतरची. त्याला इथे 'आइनझिष्ट' म्हणतात. ठरल्या दिवशी, ठरल्या तासाला एका खोलीत जायचं. तपासलेला पेपर समोर ठेवतात, बसून वाचायचा. फी नाही, अर्ज नाही. तिथला असिस्टंट बाजूलाच असतो. पुढे माझ्यापेक्षा पुष्कळ जास्त गुण मिळालेली मुलगी बसली होती, तीही वाचत होती. ती कशाला आलीय, हे मला तेव्हा कळेना.

माझ्या पेपरात एका गणितात सुरुवातीलाच चिन्ह चुकलं होतं, तरी पुढचे जवळजवळ सगळे गुण दिले होते. चुकीमागून आलेल्या चुकीची शिक्षा दुसऱ्यांदा द्यायची नाही, असा इथला रिवाज. शेजारच्या गणितात मात्र भोपळा. अर्धगोलाचा पृष्ठभाग, त्यातून बाहेर जाणारा प्रवाह काढा. मी डायव्हर्जन्स काढून घनफळानं गुणलं होतं. असिस्टंटनं पेन्सिलीनं एक उपडी वाटी काढली आणि विचारलं, "हिचं झाकण कुठाय?" गाउसचं, म्हणजे आपल्या गॉसचं, प्रमेय बंद पृष्ठभागासाठी असतं. अर्धगोल खालून उघडा. आधी तळाची चकती लावून तो बंद करायचा, मग तिच्यातून गेलेला प्रवाह वजा करायचा. एवढंच. पुण्यातल्या त्या एकतीसमध्येही मी हीच वाटी उघडी ठेवली होती. पाच वर्षं आणि एक पदवी, आणि मला झाकण माहीत नव्हतं. युरो यायच्या आधी इथल्या दहा मार्कांच्या नोटेवर ह्याच गाउसचं चित्र होतं. माझे ह्याच्यावरचे मार्क मात्र दोन्ही देशांत बुडाले.

मार्कांमागे धावणं, क्रमांक आणि खासगी क्लास ही काही पुण्याची मक्तेदारी नाही. 1899 साली केंब्रिजला गणिताच्या परीक्षेत पहिले, म्हणजे सीनियर रँग्लर, होऊन आलेल्या परांजप्यांना फर्ग्युसनचं गाव आजही नुसतं 'रँग्लर परांजपे' म्हणतं. त्या काळात केंब्रिजची मुलंसुद्धा खासगी शिकवण्या लावून ह्या परीक्षेची, ट्रायपॉसची, तयारी करत. राउथ नावाच्या एकाच शिकवणीवाल्याचे दोन डझनांहून जास्त विद्यार्थी पहिले आले होते. स्वतः रँग्लर असलेला गणितज्ञ हार्डी ह्या परीक्षेवर तुटून पडला, आणि 1909 नंतर केंब्रिजनं क्रमवारी जाहीर करणं बंद केलं. आपण शब्द जपून ठेवला.

आपल्याकडे पेपर बघायचा हक्क नाही असं नाही. सीबीएसईच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 2011 सालीच सांगितलंय की तपासलेली उत्तरपत्रिका ही परीक्षार्थीला बघता येते. पण छायाप्रत मागतो कोण? ज्याला दोन-चार मार्क वाढायची आशा आहे तो. कॅरी ऑनच्या वादात दोन्ही बाजू संधी किती द्यायच्या हेच मोजतायत. पोराला सहा संधी दिल्या आणि सहाही वेळा त्यानं वाटी उघडीच ठेवली, तर सातवी घेऊन तो करणार काय? मला विचाराल तर कॅरी ऑन द्या, खुशाल द्या. पण आधी प्रत्येक नापास पोराच्या हातात, न मागता, त्याचा पेपर ठेवा, आणि तासभर एक मास्तर बाजूला बसवा. पेपर हजारोंनी आहेत, मास्तर कमी आहेत, हे मला माहीत आहे. निदान पेपर तरी ठेवा.

भाच्यानं शेवटी छायाप्रत मागवली. रविवारी व्हिडिओ कॉलवर आम्ही ती पानं एकेक करून पाहिली. तिसऱ्या पानावर तो गप्प झाला. पार्शल फ्रॅक्शनमध्ये, म्हणजे अपूर्णांकाचे तुकडे पाडताना, खाली फुटत नसलेलं वर्गाचं पद, आणि वर नुसतं ए. बी-एस प्लस सी लिहायला हवं होतं. पाचव्या पानावर तेच. सातव्यावरही तेच.

मागून दाजींचा आवाज आला, "किती वाढतायत?"

"एकही नाही, बाबा," तो म्हणाला, आणि वही ओढून घेतली.