‘थंडीत घरातली सायकल म्हणजे गुडघ्याचा सत्यानाश’: त्या मेसेजला माझं उत्तर

गेल्या महिन्याभरात परभणीतल्या तीन ग्रुपांवर मला एकच मेसेज आला. त्याचं म्हणणं असं: दुखापत झाली की हाड जुळेपर्यंत पलंग सोडू नये. घरात ट्रेनरवर (सायकल जागच्या जागी धरून ठेवणाऱ्या स्टँडवर) सायकल चालवली की गुडघ्याची वाटी झिजते, आणि थंडीत जास्तच झिजते. चालवायचीच असेल तर पंखा बंद ठेवून घाम गाळावा. शेवटी, घरातल्या सायकलीनं दम वाढत नाही, तो नुसता टाइमपास आहे.

आमच्या गल्लीतल्या काकांनी हे मनावर घेतलं, म्हणून लिहितेय. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर फिजिओनं त्यांना रोज दहा मिनिटं सायकल सांगितली होती. मेसेज वाचून त्यांनी ती बंद केली. तीन आठवड्यांत गुडघा असा आखडला की जिना उतरताना ते कठडा सोडत नाहीत.

पलंगाचं आधी बोलू. मागच्या हिवाळ्यात पहाटे वसमत रोडवर उसाच्या ट्रॉलीतून सांडलेल्या कांड्यांवरून माझं चाक घसरलं आणि डावं कॉलरबोन मोडलं. मोठ्या माणसात हे हाड जुळायला साधारण 6 ते 12 आठवडे लागतात. डॉक्टर सांगतील तेवढे दिवस खांद्याला आराम हवाच. पण मोडला होता खांदा, पाय नव्हे. अंथरुणाला खिळलं की मांडीचे स्नायू काही दिवसांतच उतरू लागतात आणि ते परत कमवायला महिने जातात. डॉक्टरांनी होकार दिल्यावर मी हात गळ्यातल्या झोळीत ठेवून, ताठ बसून, हलक्या गिअरवर पंधरा मिनिटांपासून सुरुवात केली. इथं एक भेद त्या मेसेजमध्ये नाही, आणि तो जिवाचा आहे: ट्रेनर मागचं चाक किंवा एक्सल घट्ट धरून ठेवतो, तोल सांभाळावा लागत नाही. रोलरवर, म्हणजे फिरत्या नळकांड्यांवर, मात्र सायकल मोकळी असते. मोडलेल्या हाडानं रोलरवर चढू नका. ट्रेनरवर चढतानाही कुणाला तरी सायकल धरायला लावा.

आता वाटी. नुसतं सपाट रस्त्यावर चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच पट भार येतो. बेताच्या जोरानं सायकल चालवताना तो वजनाच्या आसपासच राहतो, कारण वजन सीटवर असतं. म्हणूनच गुडघ्याच्या रुग्णांना फिजिओ सायकल देतात. मेसेज लिहिणाऱ्याला सायकलीवर वाटी दुखल्याचा अनुभव असेलही, तो मी खोटा म्हणत नाही. पण तो दोष बहुतेक वेळा खाली राहिलेल्या सीटचा किंवा जड गिअरचा असतो. सीट खाली असली की गुडघा जास्त वाकलेल्या अवस्थेत जोर लावतो आणि वाटी मागच्या हाडावर दाबली जाते. पायडल अगदी खाली असताना गुडघा 25 ते 35 अंश वाकलेला राहील, एवढी सीट वर हवी. सगळ्यांच्या घरात सीट खालीच ठेवलेली दिसते, पाय जमिनीला टेकावेत म्हणून. ट्रेनरवर ते टेकवायचेत कशाला?

थंडीचं म्हणाल तर सकाळी सांधे जड वाटतात, हे खरं. त्यावर उपाय आहे पहिली दहा मिनिटं अगदी हलकं चालवणं. परभणीची थंडी बोचरी खरी, पण दहा वाजता उन्हाच्या खोलीत ती उरत नाही. उलट डिसेंबर-जानेवारीत पहाटेचं धुकं आणि मागे दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या यांच्यात अर्धवट बरं झालेलं हाड घेऊन जाणं, हा खरा धोका.

पंखा बंद करण्याचा सल्ला सरळ चुकीचा आहे. पायडलवर 150 वॅट निघतात तेव्हा शरीर त्याच्या तिपटीहून जास्त उष्णता तयार करतं. रस्त्यावर ती वारा नेतो, खोलीत वारा नाही. पंखा लावा, पाणी जवळ ठेवा.

टाइमपासचं उत्तर एका शर्यतीत आहे. ऑस्ट्रेलियाचा सायकलपटू मॅथ्यू हेमन याचा हात फेब्रुवारी 2016 मध्ये शर्यतीत मोडला. त्यानं गॅरेजमध्ये ट्रेनरवर सराव केला आणि 10 एप्रिलला 250 किलोमीटरहून लांब असलेली पॅरिस-रुबे ही फ्रान्समधली सायकल शर्यत जिंकली. तो व्यावसायिक होता, मागे डॉक्टर होते. त्याच्याएवढं कुणी चालवू नये. पण दम घरात टिकतो, वाढतोही.

किती चालवायचं, हे दुसऱ्या दिवशीची सकाळ सांगते. दुखणं दहापैकी तीनच्या वर गेलं, किंवा सकाळी सूज वाढलेली दिसली, तर कालचं जास्त झालं. ऑपरेशननंतर पोटरी सुजून दुखू लागली किंवा अचानक धाप लागली तर सायकल सोडा आणि थेट दवाखाना गाठा. ती रक्ताची गुठळी असू शकते.

काकांच्या फिजिओशी परवा आम्ही बोलून आलो. पूर्ण फेरा मारायला गुडघा सुमारे 110 अंश वाकावा लागतो, त्यांचा अजून तेवढा वाकत नाही. म्हणून सीट चार बोटं वर घेतली आणि पायडल पाळण्यासारखं मागे-पुढे हलवायला सांगितलंय. सोमवारपासून ते रोज आठ मिनिटं एवढंच करतायत.