एका चाकीपायी

मृगाचा पाऊस पडून वाफसा आला की आमच्याकडे माणूस मयतीलाही घड्याळ पाहून जातो. नेमक्या अशा दिवशी पेरणी यंत्राच्या एका फणाच्या बोल्टची चाकी, म्हणजे नट, काळ्या मातीत पडली. काळ्या मातीत पडलेली चाकी आणि कचेरीत दिलेला अर्ज शोधायच्या भानगडीत पडू नये. बोल्ट खिशात टाकला आणि तालुक्याला निघालो.

हार्डवेअरवाल्यानं बोल्ट बोटात फिरवला. "सुताचा का मिमीचा?"

"पेरणी यंत्राचा."

"थे नाई विचारलं जी."

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. अडीच सुती बोल्ट भरतो ७.९४ मिलिमीटर आणि आठ मिमीचा भरतो आठ. नुसत्या डोळ्यांनी फरक सांगून दाखवावा! पण अडीच सुतीला इंचात १८ आटे. ते व्हिटवर्थ नावाच्या इंग्रजानं १८४१ साली मांडलेल्या पद्धतीचे. आठ मिमीचे आटे सव्वा-सव्वा मिलिमीटरच्या अंतरावर. दशमान मापांचा कायदा १९५६ चा, तरी आमच्या दुकानात दोन्ही पोती मांडीला मांडी लावून बसलेली, अन् माल किलोवर. त्यानं सुताची चाकी लावली. दीड फेरा गेली आणि अडली. मिमीची लावली. तीही अडली.

शेवटी लेथवाल्यानं आट्यांचं गेज लावून निकाल दिला. "एक मिलिमीटरचे बारीक आटे हायेत. हे इथं नाई भेटत, भाऊ."

साधा आठ मिमीचा बोल्ट कारखान्यात थंड तारेला ठोका देऊन, आटे दाबून ढिगानं निघतो. म्हणून तर स्वस्त. त्याला लागणारा बारा-तेराचा पाना गावात कोणत्याही ट्रॅक्टरच्या पेटीत सापडतो. बारीक आट्यांनाही त्यांची जागा असते, नाही असं नाही, पण ती जागा ढेकळांत चालणारा फण नव्हे! घरी येऊन यंत्र नीट पाहिलं तर एका बोल्टला दहाचा पाना, दुसऱ्याला तेराचा, तिसऱ्याला सतराचा, आणि बियाण्याच्या पेटीला चक्क ॲलन की. हे ज्यानं कागदावर काढलं, त्याला एक पेरणी आमच्या धुऱ्यावर उभं करावं. पाने त्यानंच शोधावेत. चहा आम्ही देऊ.

वेल्डिंगवाल्यानं मात्र फार विचार केला नाही. सगळ्या फणांची भोकं मोठी पाडली आणि तीन सुती बोल्ट ठोकले. सगळे एकाच मापाचे, किलोतले. दुपारी यंत्र वावरातल्या तासात होतं.

संध्याकाळी कंपनीच्या माणसाचा फोन आला. बाहेरचे बोल्ट लावले तर वॉरंटी जाते म्हणे. बाजूच्या वावरातला काका ऐकत होता.

"त्याले म्हना, थे वॉरंटीच पेरून पाय एखांद्या तासात. उगवली तं सांग."