'जीपीयूवर टाका, शंभर पट वेग मिळेल': कुठल्या हिशेबाने?

फोटोतल्या सरळ रेषा शोधायच्या? हफ ट्रान्सफॉर्म, म्हणजे पिक्सेलांच्या मतांवरून रेषा ठरवणारी पद्धत, जीपीयूवर (ग्राफिक्सच्या प्रोसेसरवर) टाका. प्रत्येक पिक्सेलचं काम स्वतंत्र, हाताशी हजारो कोर, त्यामुळे वेग शंभर पट आणि निकाल तोच, असं सर्रास सांगितलं जातं. यातलं 'जीपीयूवर टाका' एवढंच मला मान्य आहे.

आधी ते 'स्वतंत्र'. बबल चेंबरच्या (सूक्ष्म कणांची वाट बुडबुड्यांतून दाखवणाऱ्या उपकरणाच्या) फोटोंतले कणांचे माग ओळखण्याच्या या पद्धतीचं पेटंट पॉल हफ यांना १९६२ मध्ये मिळालं. आज वापरात असलेलं कोन आणि अंतराचं रूप डूडा आणि हार्ट यांनी १९७२ मध्ये मांडलं. त्यात चित्रातल्या वस्तूच्या कडेवरचा प्रत्येक पिक्सेल, एकेक अंश धरला तर, १८० मतं देतो: त्यातून जाणाऱ्या प्रत्येक कोनाच्या रेषेला एक. मतदार स्वतंत्र आहेत, पण मतपेटी सामाईक. एका रेषेवरचे सगळे पिक्सेल एकाच रकान्यात (त्या कोन-अंतराच्या मोजणीत) मत टाकायला येतात, तिथे अ‍ॅटॉमिक बेरीज (एका वेळी एकाचीच) लागते आणि थ्रेड, म्हणजे समांतर चालणारी कामं, रांगेत उभे राहतात. रेषा जितकी लांब, तितकी रांग मोठी. म्हणजे जे शोधतोय तिथेच गाडी अडते!

यावर उपाय आहे. १९२० बाय १०८० चित्राचा कर्ण सुमारे २२०३ पिक्सेल. अंतर उणेही येतं, म्हणून एका कोनाला साधारण ४४०७ रकाने, चार बाइटने १७ केबीच्या आसपास. एनव्हिडियाच्या कार्डावर ब्लॉकला, म्हणजे थ्रेडच्या एका गटाला, नेहमी मिळणाऱ्या ४८ केबी शेअर्ड मेमरीत (गटापुरत्या वेगवान मेमरीत) हे आरामात मावतं. तेव्हा एका कोनाला एक ब्लॉक, मोजणी तिथल्या तिथे, ग्लोबल मेमरीत (कार्डाच्या मोठ्या पण संथ मेमरीत) फक्त निकाल. त्याआधी कडेच्या पिक्सेलांची सलग यादी करून घ्यायची, नाहीतर बहुतेक थ्रेड रिकाम्या जागा तपासत बसतात. रांग संपत नाही, पण बरीच झटपट सरकते. सीपीयूचा (नेहमीच्या प्रोसेसरचा) कोड जसाच्या तसा कर्नलमध्ये, म्हणजे जीपीयूवर चालणाऱ्या फंक्शनमध्ये, चिकटवून हे होत नाही.

'शंभर पट' कशाच्या? सीपीयूच्या एकाच कोरवर चालणाऱ्या साध्या कोडशी तुलना केली तर आकडा फुगणारच. शिवाय एकूण वेळेतला ४० टक्के वेळ हफला लागत असेल, तर तो शून्यावर आणला तरी सगळं काम १.६७ पटच वेगाने होईल.

राहिलं 'निकाल तोच'. ओपनसीव्ही या चित्रप्रक्रियेच्या लायब्ररीतलं हफलाइन्सपी हे सीपीयूवरचं फंक्शन पिक्सेल यादृच्छिक क्रमाने उचलतं आणि रेषा सापडली की तिचे पिक्सेल पुढच्या मोजणीतून काढून टाकतं. प्रत्येक पाऊल आधीच्या पावलावर अवलंबून. त्याच लायब्ररीतला कुडा (एनव्हिडियाच्या जीपीयूवर चालणारा) डिटेक्टर आधी सगळी मतं मोजतो, मग रेषेवरून चालत तुकडे काढतो. अल्गोरिदमच वेगळा, त्यामुळे तुकड्यांची टोकं आणि संख्या जुळेलच असं नाही. सीपीयूवर ठरवलेले थ्रेशोल्ड (किती मतं म्हणजे रेषा, अशा मर्यादा) तिथे पुन्हा बसवावे लागतात.