शॅमेलिऑन मलूल पडलाय? आधी त्याला हातातून खाली ठेवा

"काका, नवीनच आणलाय, काही खात नाही, डोळे मिटून बसतो, काळा पडलाय." फोन इंदिरानगरहून येवो की गंगापूर रोडवरून, मजकूर हाच. सोबत फोटो. त्यात तो बिचारा रंग बदलणारा सरडा कुणाच्या तरी तळहातावर, आणि भोवती पोरांची गर्दी.

माझं मत विचाराल तर नव्या शॅमेलिऑनला आजारापेक्षा आपलं कौतुकच जास्त छळतं. त्याला लाडाने उचललेलं कळत नाही, कुणीतरी धरलंय एवढंच कळतं. भोवतालाशी मिळतंजुळतं व्हायला तो रंग बदलतो, हा आपला लाडका गैरसमज. बऱ्याचदा काळपट रंगाचा अर्थ थंडी किंवा भीती असतो. तेव्हा सगळ्यात आधी हाताळणं बंद. पिंजरा शांत कोपऱ्यात, आपल्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवा, आत लपायला दाट पानं द्या. आणि पिंजरा जाळीचा हवा. विकणारे सर्रास माशांची काचेची टाकी गळ्यात मारतात. काचेत स्वतःचंच प्रतिबिंब दिसलं की त्याला वाटतं, दुसरा नर समोर येऊन बसलाय.

मग पाणी. "वाटी भरून ठेवलीये की!" हे वाक्य ऐकून मी थकलो. वाटीतल्या साचलेल्या पाण्याकडे तो सहसा बघतही नाही, पानांवरून ओघळणारे थेंब चाटतो. सकाळ-संध्याकाळ बारीक फवारा मारा, किंवा नवी सलाईनची नळी लावून पानांवर थेंब थेंब पाणी पडू द्या. डोळे खोल गेलेत, शीतला एरवी पांढरा असणारा भाग पिवळा-केशरी दिसतोय, तर अंगात पाणी कमी आहे. पण म्हणून सिरिंजने जबरदस्तीने तोंडात पाणी ओतू नका, ते फुप्फुसात जातं.

उन्हाचा घोटाळा याहून मोठा. "आमच्या खिडकीत भरपूर ऊन येतं." येत असेल, पण साध्या खिडकीच्या काचेतून उन्हातले यूव्हीबी (अतिनील) किरण जवळजवळ येतच नाहीत. ते नाहीत तर ड३ जीवनसत्त्व तयार होत नाही, आणि मग कॅल्शियमची पावडर घालूनही हाडं मऊ पडतात, पाय वाकतात, फांदी धरवत नाही. त्यासाठी सरपटणाऱ्या प्राण्यांचा यूव्हीबी दिवा लागतो, घरातली साधी ट्यूबलाईट नाही. शिवाय एक उबदार फांदी, साधारण ३० अंशांची. निफाडचा पारा बातम्यांत झळकतो त्या दिवसांत तर ही ऊब हवीच. आणि एप्रिलच्या दुपारी बाल्कनीत ठेवून ऑफिसला जाऊ नका, भाजून मरेल.

स्वयंपाकघरातली झुरळं पकडून घालणारेही भेटलेत. घरात फवारणी झालेली असते हो! पाळीव नाकतोडे-रातकिडे आणा, त्यांनाही आधी नीट पालेभाजी खायला घाला.

मादी असेल तर आणखी एक. नराशिवायही ती अंडी धरू शकते. तळाशी उकरायला लागली तर ओलसर मातीचा खोल डबा लगेच द्या. अंडी अडकली तर जिवावर बेततं.

दिवसाढवळ्या डोळे मिटून पडणं, तोंड उघडं टाकून श्वास, तोंडाशी फेस, फांदीवरून घसरणं, यातलं काहीही दिसलं की घरगुती उपाय पुरे, डॉक्टर गाठा. सरपटणारे प्राणी बघतात का, हे आधी फोनवर विचारा. सोबत ताजी शी डबीत न्या (जंत तपासता येतात), पिंजऱ्याचा आणि दिव्याच्या खोक्याचा फोटोही न्या. मेडिकलमधून आणलेलं माणसांचं अँटिबायोटिक, कृपा करून, नको.

आता थोडं कटू. "गावाकडून पकडून आणलाय" असं विकणारा म्हणाला असेल तर तो आपला इथलाच सरडगुहिरा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो संरक्षित आहे, घरी ठेवणं गुन्हा आहे. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा आणि त्यांच्या ताब्यात द्या. येमेन-सौदीकडचा असेल तर तो साइट्सच्या (वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा करार) दुसऱ्या परिशिष्टात येतो, आणि २०२४ च्या नियमांनुसार केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर त्याची नोंदणी लागते. विकणाऱ्याकडे कागद मागा. तो गुळमुळीत बोलायला लागला तर तिथूनच परत फिरा. परदेशी जनावर कंटाळा आला म्हणून पांडवलेणीच्या डोंगरावर नेऊन सोडायचं तर अजिबात मनात आणू नका. एक तर ते मरेल, आणि जगलं तर इथल्या प्राण्यांना जड जाईल.