वाटणीची भिंत

एका मित्राच्या घराण्याचं जुनं घर परवा निवांत पाहिलं. दिवाणखान्यात शिरलो तर समोरच भिंत. वर नजर टाकली की कळतं, दिवाणखाना खरा याच्या दुप्पट असणार. पण मधोमध बिनगिलाव्याची विटांची भिंत थेट छताला भिडलेली. कोरीव लाकडी छतातलं कमळ अर्धं इकडे, अर्धं तिकडे. एका खिडकीची तर फाळणीच झालीय. डावं झडप थोरल्या पातीकडे, उजवं धाकट्या पातीकडे, आणि दोघांनी आपापल्या आवडीचा रंग लावलेला.

मित्राचे आजोबा आणि त्यांचे धाकटे बंधू यांच्या वाटणीत ही भिंत उभी राहिली. आता दोन्ही पाती पुन्हा बोलू लागल्या आहेत. घर विकायचं नाही, जपायचं, वारसा म्हणून त्याची नोंद व्हावी असं दोघांच्या मनात आहे. ऐकून बरं वाटलं, कारण जुन्या घरांच्या बाबतीत असं एकमत मी फार कमी वेळा पाहिलंय. आणि पहिलं काम काय ठरलंय, तर ही भिंत पाडणं. "घर मूळ रूपात आणू, मग कुणीतरी वारसा म्हणून बघेल," मित्र म्हणाला.

मी म्हणालो, "बाकी काय पाडायचं ते पाड, या भिंतीला इतक्यात हात लावू नकोस."

जणू मी त्यांचं जुनं भांडण पुन्हा लावायला आलोय, अशा नजरेनं त्यानं माझ्याकडे बघितलं. तिथे नीट सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहितोय.

मला खटकतो तो शब्द म्हणजे 'मूळ रूप'. राहत्या घराला मूळ रूप असतं का? पहिल्या पिढीनं चार खोल्या बांधल्या, दुसरीनं माडी चढवली, तिसरीनं मागच्या पडवीत न्हाणीघर काढलं, चौथीनं विजेच्या तारा फिरवल्या. यातलं मूळ कोणतं? आपण मूळ म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा आपल्या मनातला घराण्याचा सर्वांत ऐटीचा काळ डोळ्यांसमोर असतो. त्याच्या आधीची गरिबी नको असते आणि नंतरची पडझडही नको असते.

ही खोड फक्त आपली नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये जुन्या चर्चना 'मूळ' मध्ययुगीन रूप द्यायची अशी लाट आली की मधल्या शतकांचं काम खरवडून काढलं जाऊ लागलं. त्याविरुद्ध कवी आणि कारागीर विल्यम मॉरिस यांनी १८७७ मध्ये जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी एक संस्थाच काढली. त्यांचं म्हणणं साधं होतं. डागडुजी करा, पण जुनं असल्याचं सोंग आणू नका. पुढे १९६४ च्या व्हेनिस सनदेत, म्हणजे स्मारकांच्या जतनाच्या आंतरराष्ट्रीय मसुद्यात, तत्त्व म्हणूनच लिहिलं गेलं की इमारतीत सगळ्या काळांनी घातलेली भर मानायची, शैलीची एकसंधता हे पुनर्स्थापनेचं उद्दिष्ट नाही. आणि जिथे अंदाज सुरू होतो, तिथे पुनर्स्थापना थांबली पाहिजे.

आता मित्राची बाजूही मांडतो. तीच सनद असंही म्हणते की वरचा थर फारसा मोलाचा नसेल आणि काढल्यावर खाली फार मोठं काही उघडं पडणार असेल, तर तो काढता येतो. छतातलं ते कमळ पाहिलं की त्याचा दावा अगदीच फोल वाटत नाही. पण त्याच कलमाचं शेवटचं वाक्य मला सर्वांत शहाणं वाटतं. काय मोलाचं आणि काय पाडायचं, हे एकट्या काम करवून घेणाऱ्या माणसानं ठरवायचं नाही. म्हणजे मित्रानं नाही, आणि मीही नाही.

मग कशावर ठरवायचं?

ऑस्ट्रेलियात १९७९ मध्ये बुरा या गावी एक सनद झाली, जतनाच्या कामात ती जगभर वापरतात. वास्तूचं महत्त्व ती सौंदर्य, इतिहास, शास्त्रीय माहिती, समाजाशी नातं आणि आध्यात्मिक अर्थ अशा अंगांनी तपासायला सांगते. आणि काय करायचं ते ठरवण्याआधी महत्त्व कशात आहे हे लिहून काढा, असा तिचा आग्रह आहे. आपली घराणी नेमकी इथेच चुकतात. महत्त्व म्हटलं की दोनच गोष्टी पुढे येतात. एक, "इथे अमुक अमुक उतरले होते." दोन, भुयार. जुनं घर आहे आणि भुयाराची कथा नाही, असं मी आजवर पाहिलेलं नाही. आत डोकावलं की ते धान्याचं तळघर तरी निघतं, नाहीतर सांडपाण्याची मोरी.

थोर माणसाचा मुक्काम खरा असेल तर तो महत्त्वाचाच. पण त्याचं पत्र, नोंद, काहीतरी हवं. आणि तो एका रात्रीचा असतो. उरलेल्या हजारो रात्री त्या घरात कोण झोपलं, कुठे झोपलं, कुणाला खिडकीजवळची जागा मिळाली आणि कुणाला जिन्याखालची, हे घरच सांगू शकतं.

घर सांगतं म्हणजे अक्षरशः सांगतं. जाणकार माणूस तुळईवरचे घाव बघून ती तासणीनं तासलीय की यंत्राच्या करवतीनं कापलीय ते ओळखतो. लोहारानं हातानं घडवलेला चौकोनी खिळा आणि कारखान्यातला तारेचा गोल खिळा एकाच दारात असतील, तर ते दार नंतर कधीतरी दुरुस्त झालंय. चुन्याची सफेदी दर काही वर्षांनी एकावर एक बसत जाते. त्यातला नखाएवढा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली आडवा धरला की पुस्तकाच्या पानांसारखे थर दिसतात, मधेच काजळीची रेघ दिसते. ती रेघ दिसली की त्या खोलीत पूर्वी चूल होती का, हे विचारायचं. काही जातींच्या लाकडात वर्षागणिक वलयं पडतात, त्यांच्या रुंदीचा क्रम त्या भागातल्या आधीच तारखा माहीत असलेल्या क्रमाशी जुळला आणि सालीलगतचं वलय शाबूत असलं, तर झाड कधी तोडलं हे काढता येतं. एकही कागद हाताशी नसताना एवढं कळतं. आणि एका दुपारी उत्साहानं भिंती खरवडून नवा रंग फासला की एवढं सगळं जातं. वर सिमेंटचा गिलावा केला तर विचारूच नका. चुन्यातून ओल बाहेर पडायची ती सिमेंटनं अडते, विटेतच मुरते, क्षार फुगतात आणि वीट आतून भुगा होते. घर जपायला म्हणून केलेल्या खर्चानंच घर मरताना मी पाहिलंय.

वेल्समध्ये रेक्सहॅमजवळ एर्डिग नावाचं एका घराण्याचं घर आहे. तसं बघितलं तर ब्रिटनमध्ये त्याहून देखणी घरं पुष्कळ. त्याच्याखालून कोळशाच्या खाणी गेल्यामुळे ते चक्क काही फूट खचलंही होतं. पण त्या घरातल्या यॉर्क कुटुंबाला अठराव्या शतकाच्या शेवटी एक वेगळीच हौस लागली. त्यांनी आपल्या नोकरांची चित्रं काढून घेतली आणि प्रत्येक चित्रावर त्या माणसाबद्दल कविता लिहिली. पुढच्या पिढ्यांनी ते चालू ठेवलं, छायाचित्रं आली तशी तीही घेतली. १९७३ मध्ये हे घर जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे गेलं, तेव्हा ट्रस्टनं एक हुशारी केली. बघायला येणाऱ्यांना समोरच्या दारानं आत घेतलंच नाही. सुतारशाळा, लोहारशाळा, धुणीघर, स्वयंपाकघर अशा मागच्या वाटेनं नेलं. मालकांचा दिवाणखाना येतो तो त्यानंतर. त्या घराचं महत्त्व कशात आहे हे कुणीतरी बसून नीट विचार करून ठरवलं, म्हणून ते जमलं. नाहीतर झुंबरं पुसून आणखी एक संग्रहालय झालं असतं.

डर्बीशायरमधलं कॉक ॲबी तर याहून टोकाचं. नाव ॲबी, म्हणजे मठ, पण अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेलं घर. तिथल्या हार्पर क्रू घराण्याला माणसांची फारशी आवड नव्हती आणि काही टाकून द्यायची तर अजिबातच नव्हती. एक खोली भरली की दार लावायचं आणि पुढच्या खोलीत जायचं. मालकाच्या मृत्यूनंतर मालमत्तेवर लागणाऱ्या कराचा बोजा इतका झाला की १९८५ मध्ये घर ट्रस्टकडे गेलं. आतमध्ये एक शाही पलंग निघाला, त्याचे चिनी रेशमी पडदे कधी लावलेच नव्हते, म्हणून रंग कालचे वाटावेत असे. ट्रस्टनं छप्पर गळायचं थांबवलं, पाया सावरला, आणि बाकीचं जसंच्या तसं ठेवलं. सोललेला भिंतीचा कागद सोललेलाच, अडगळ अडगळच. ऱ्हास हीच त्या घराची गोष्ट होती, ती त्यांनी पुसली नाही. आपल्याकडे कुणी असं केलं तर "एवढे पैसे मिळून साधा रंग नाही काढला" असं ऐकावं लागेल, हे मलाही माहीत आहे.

आणि घर मोठंच हवं असंही नाही. ग्लासगोमध्ये एका चाळवजा इमारतीतलं चार खोल्यांचं घर वारसा म्हणून जपलंय. एक टंकलेखिका तिथे १९११ पासून पन्नासहून अधिक वर्षं राहिली. तिनं बिलं, पत्रं, पावत्या काहीच फेकलं नाही. बस, एवढंच. त्या काळी नोकरी करणारी एकटी बाई कशी जगत होती हे कोणत्याही राजवाड्यापेक्षा तिथे जास्त कळतं.

हे सगळं लिहिताना जाणवतंय की वरच्या तिन्ही गोष्टींत कुटुंब शेवटी बाहेर पडलंय. खरं दुखणं तिथे आहे. घराचं महत्त्व त्यात राहण्यानं तयार झालं, आणि राहणंच परवडेनासं होतं. कौलं शाकारायला माणूस मिळत नाही, तुळई बदलायची तर तसं लाकूड मिळत नाही, वारस वीस आणि सही करायला तयार अकरा. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात १९७४ मध्ये एक प्रदर्शन भरलं होतं, ब्रिटनमधल्या नष्ट झालेल्या ग्रामीण हवेल्यांवर. शंभर वर्षांत गेलेल्या हजाराहून अधिक घरांची ती यादी होती. ती घरं शत्रूनं पाडली नव्हती, बहुतेक मालकांनीच पाडली होती. तमिळनाडूत चेट्टीनाडमध्ये हवेल्या मोडल्या की ब्रह्मदेशी सागवानाचे खांब आणि कोरीव दारं कराईकुडीच्या बाजारात सुटी विकायला येतात. ते दार मग कुठल्या तरी हॉटेलात छान दिसतं. पण ते कुणाच्या खोलीचं होतं आणि कोणासाठी बंद होतं, ते तिथे कळत नाही.

म्हणून नुसता 'वारसा' असा शिक्का मारून मोकळं होणाऱ्या व्यवस्थेवर माझा राग आहे. भारताचा १९५८ चा पुरातत्त्व कायदा राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांसाठी आहे. घराण्याची घरं त्यात क्वचितच येतात. ती शहरांच्या वारसा याद्यांत आणि श्रेण्यांत येतात. मुंबईत १९९५ मध्ये अशी नियमावली लागू झाली, तेव्हा मालकाचं बांधकामाचं नुकसान भरून देण्यासाठी विकास हक्क, म्हणजे तेवढं बांधकाम करण्याचा हक्क, दुसरीकडे हलवण्याची तरतूद तरी केली होती. जिथे तेवढंही नाही, तिथे कुटुंबाला वारसा म्हणजे परवानगीसाठी मारायचे हेलपाटे एवढाच अर्थ उरतो. जपानमधल्या शिराकावा-गो या गावात उतरत्या गवती छपरांची मोठमोठी घरं आहेत, १९९५ पासून जागतिक वारसा. त्यांत आजही कुटुंबं राहतात. छप्पर बदलायची वेळ आली की अख्खा गाव हाताला हात लावतो, ती जुनी रीत आहे आणि तिला सरकारी पैशाची जोड आहे. सगळीकडे असं होणार नाही. पण घर सगळ्यांचं म्हणायचं आणि छप्पर एकट्यानं शाकारायचं, हा हिशेब कुठल्याच गावात बसत नाही.

मित्राला मी एवढंच म्हणालो की काहीही करण्याआधी घर मोजा. प्रत्येक खोलीचा आराखडा काढा, आवरण्याआधी फोटो घ्या, अडगळीची खोली तर आहे तशीच टिपा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना खोल्याखोल्यांतून फिरवा आणि ते काय बोलतात ते रेकॉर्ड करा. नेमके प्रश्न विचारत बसू नका, नुसतं चालू द्या. भिंतीचं त्यानंतर बघू.

गेल्या रविवारी आम्ही टेप घेऊन ती भिंतच मोजायला घेतली. धाकट्या पातीकडच्या बाजूला, छातीच्या उंचीवर एक कॅलेंडर होतं. मोजायला आड येत होतं म्हणून काढलं, तर मागच्या एका विटेच्या चारी बाजूंना मालच नाही. नुसती बसवलेली. मित्रानं बोटानं ढकलली तशी ती पलीकडे सरकली.

मागे त्याची चुलती उभी होती, ती हसायला लागली. म्हणाली, "माझ्या सासूबाई आणि तुझी आजी. गवंड्याला सांगूनच ठेवली होती. पुरुषमंडळी एकमेकांशी बोलत नव्हती ना, पण पेपर घरात एकच यायचा. दुपारी इकडचा वाचून झाला की घडी करून तिकडे."

मित्र बराच वेळ वीट आतबाहेर करत राहिला. मग आराखड्यावर त्या जागी पेन्सिलीनं एक छोटा चौकोन काढला आणि जमिनीपासूनची उंची लिहिली. भिंतीचा निर्णय अजून झालेला नाही.